प्रश्नावली मराठीत आणताना या चुका टाळा

अभ्यासातले आकडे विचित्र आले की संशोधक आधी उत्तरं देणाऱ्यांवर खापर फोडतो. मुलांनी मन लावून भरलंच नाही, नमुना लहान पडला, आणि काहीच सुचलं नाही तर 'संस्कृतीचा फरक'. प्रश्नावली दुसऱ्या भाषेतून घेतलेली असेल तर पहिला संशय भाषांतरावर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. संस्कृतीचा फरक असतोही, पण तो म्हणण्याचा अधिकार भाषांतर तपासून झाल्यावर मिळतो.

उदाहरणासाठी एकच प्रश्नावली धरू. परकी भाषा शिकताना वर्गात वाटणारी भीती मोजण्यासाठी एलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली ३३ विधानांची एक मापनश्रेणी मांडली. भाषाअध्यापनाच्या संशोधनात ती आजही सर्रास वापरतात आणि भाषांतरात अडखळण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा तिच्यात सापडतात.

आधी मूळ नीट पाहा

कुठल्यातरी प्रबंधाच्या परिशिष्टातून विधानं उचलायची आणि भाषांतराला बसायचं, ही पहिली चूक. परिशिष्टातली प्रत त्या संशोधकाने आपल्या गरजेप्रमाणे बदललेली असू शकते. काही प्रश्नावल्यांच्या तर अधिकृत आवृत्त्याच एकाहून अधिक आहेत. रिबेका ऑक्सफर्ड यांची भाषा शिकण्याच्या युक्त्या मोजणारी १९९० ची प्रश्नावली घ्या. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तिच्यात ५० विधानं आहेत, तर परकी भाषा शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांसाठी ८०. एकीची विधानं घेऊन गुण दुसरीच्या तक्त्यावरून दिले, तर पुढचं सगळं वाया. परवानगी मागायची आणि आधी झालेलं भाषांतर आहे का ते शोधायचं, हेही याच टप्प्यावर. ही कामं कंटाळवाणी आहेत, पण झटपट उरकतात.

'उलट भाषांतर जुळलं, म्हणजे झालं'

ही समजूत सगळ्यात घट्ट बसली आहे. पद्धत साधी आहे: एकाने इंग्रजीतून मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न पाहता त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं आणि दोन्ही इंग्रजी प्रती ताडून पाहायच्या. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखानंतर ती जगभर रूढ झाली. मार्गदर्शकांना आवडते, परीक्षकांना आवडते, प्रबंधात एका वाक्यात सांगता येते.

तिची गोम अशी, की भाषांतर जितकं शब्दशः तितकं ते उलटं नीट जुळतं. हॉरविट्झ यांच्या श्रेणीत एक विधान आहे: वर्गात आपल्याला विचारलं जाणार हे कळलं की हृदय धडधडतं, अशा अर्थाचं. त्याचं हे मराठी पाहा: 'भाषेच्या वर्गात जेव्हा मला बोलावलं जाणार असतं तेव्हा मी माझं हृदय धडधडताना अनुभवू शकतो.' उलट भाषांतरात हे वाक्य मुळाशी अक्षरशः जुळून येईल. पण वाचणाऱ्या मुलाला वाटेल, वर्गात बोलावलं म्हणजे वर्गाबाहेरून आत बोलावलं. 'अनुभवू शकतो' या शब्दांवर तो थबकेल, आणि वाचणारी मुलगी 'शकतो' पाहून हे आपल्यासाठी नाहीच असं समजेल. आता हे पाहा: 'वर्गात आता मलाच विचारणार असं वाटलं की छातीत धडधडायला लागतं.' उलट भाषांतरात याचे शब्द मुळापासून दूर जातील आणि तपासणारा त्यावर लाल खूण करेल. म्हणजे चाळणीने चांगलं वाक्य अडवलं आणि वाईट सोडलं.

उलट भाषांतर टाकून द्या असं मी म्हणत नाही. एखादं विधान गाळलं गेलं, 'नाही' निसटलं, संख्या चुकली, हे त्यात पकडलं जातं. एवढ्यापुरतंच त्याच्यावर विसंबावं. मोठ्या सर्वेक्षणांनी वेगळी वाट धरली आहे. २००२ मध्ये पहिली फेरी झालेल्या युरोपियन सोशल सर्व्हेमध्ये जॅनेट हार्कनेस यांनी मांडलेली 'ट्रॅप्ड' (TRAPD, पाच टप्प्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं) पद्धत वापरतात. दोघं जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, मग विषय जाणणाऱ्यांसह सगळे एकत्र बसून विधानागणिक चर्चा करतात, अडलेल्या जागी एक जण अंतिम निर्णय देतो, मग पूर्वचाचणी होते आणि या सगळ्याची नोंद ठेवली जाते. पीएचडीच्या विद्यार्थ्याला हे जमणार नाही असं वाटतं, पण दोन भाषांतरकार, एक शिक्षक आणि एक मोकळी दुपार एवढ्यावर त्याची छोटी आवृत्ती उभी राहते. त्या बैठकीत 'असं कोण बोलतं?' हा प्रश्न न संकोचता विचारणारा एक तरी माणूस हवा.

अल्फा घसरला, किंवा एक विधान उलटं पडलं

क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे श्रेणीतल्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, अपेक्षेपेक्षा फार खाली आला तर घाबरून विधानं काढत सुटू नका. आधी प्रत्येक विधानाचा उरलेल्या एकूण गुणांशी सहसंबंध पाहा. हॉरविट्झ यांच्या श्रेणीत नऊ विधानं उलट्या दिशेची आहेत, म्हणजे त्यांच्याशी सहमत होणारा भित्रा नसून निर्धास्त असतो. ही नऊच्या नऊ ऋण आली असतील, तर त्यांचे गुण उलटवायचे राहून गेले आहेत. ते उलटवा, प्रश्न मिटेल. एखादंच ऋण आलं असेल तर मात्र भाषांतर काढून वाचा.

अशी एक जागा जवळून पाहू. 'वर्गात चुका होण्याची मला काळजी वाटत नाही.' ज्याला काळजी वाटते त्याने इथे 'असहमत' म्हणायचं आहे, म्हणजे नकाराचा नकार करायचा आहे. कागदावर वाचणारा कसाबसा जुळवून घेतो. तोंडी विचारलं की गंमत होते. समोरचा नुसतं 'नाही' म्हणतो. हे 'नाही' म्हणजे 'नाही वाटत' की 'नाही, असं नाही'? मराठीत दोन्ही चालतं. विचारणारा 'असहमत'वर खूण करतो आणि निर्धास्त मुलगी आकड्यांत भित्री ठरते. उपाय दोन आहेत. विधानातला नकार काढून दिशा तीच ठेवायची: 'वर्गात चुका झाल्या तरी माझं मन शांत राहतं.' आणि तोंडी विचारताना उत्तर पूर्ण वाक्यात परत म्हणून घ्यायचं. पहिल्या उपायात मूळ विधान थोडं बदलतं, म्हणून तो बदल प्रबंधात लिहून ठेवायचा.

याचाच दुसरा अवतार घटक विश्लेषणात, म्हणजे कोणती विधानं एकत्र जातात ते शोधणाऱ्या पद्धतीत, भेटतो. सगळी उलटी विधानं वेगळा गठ्ठा करून बसतात आणि संशोधक आनंदाने जाहीर करतो, की या विद्यार्थ्यांत 'आत्मविश्वास' हा स्वतंत्र घटक सापडला. तो गठ्ठा बहुतेकदा वाक्यरचनेचा असतो. त्याला नाव देण्याआधी त्यातली सगळी विधानं 'नाही'वाली आहेत का एवढं पाहा.

अल्फा फारच वर गेला तरी सावध व्हा. हॉरविट्झ यांच्या मूळ अभ्यासात तो ०.९३ होता. तुमचा त्याहून बराच चढला, तर वेगवेगळ्या छटांची विधानं भाषांतरात एकाच साच्याची झाली नाहीत ना ते तपासा. इंग्रजीत काळजी, ताण, गोंधळ, बुजरेपणा, धास्ती असे वेगळे शब्द आहेत आणि घाईतल्या भाषांतरात या सगळ्यांची 'चिंता' होते. एकच प्रश्न दहादा विचारला तर उत्तरं जुळणारच.

करतो की करते, आम्ही की आपण

इंग्रजीच्या 'मी'ला लिंग नाही, मराठी क्रियापदाला आहे. 'घाबरतो/घाबरते' असं तिरकी रेघ मारून लिहिणं ही चूक नव्हे, पण ३३ विधानांत ती रेघ डोळ्यांना खुपते. मराठीत वाट आहे. 'मला भीती वाटते', 'माझा गोंधळ उडतो', 'माझ्या लक्षात राहत नाही' या रचनांना बोलणाऱ्याच्या लिंगाशी देणंघेणं नाही. भूतकाळातलं 'मी वाचलं' किंवा भविष्यातलं 'मी विचारेन' यांनाही नाही. फक्त तेवढ्यासाठी काळ बदलू नका. सवय विचारणारं विधान भविष्यात नेलं की ते इरादा विचारू लागतं.

सामाजिक प्रश्नावल्यांत याहून मोठा खड्डा 'आपण' आणि 'आम्ही'चा आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द. 'आपल्या समाजात' म्हटलं की विचारणाराही त्यात आला, 'आमच्या समाजात' म्हटलं की तो बाहेर गेला. विश्वास, भेदभाव, ओळख यांवरच्या विधानांत ही निवड उत्तराची दिशा बदलू शकते. ती बैठकीत ठरवायची, टायपिंग करणाऱ्यावर सोडायची नाही.

पर्यायांकडे कोणी पाहत नाही

विधानांवर आठवडा जातो आणि पाच पर्यायांवर पाच मिनिटं. 'कधीकधी' आणि 'अधूनमधून' हे शेजारी ठेवले तर त्यांतला फरक कुणालाच सांगता येणार नाही. मधल्या पर्यायाला 'तटस्थ' म्हटलं आणि उत्तर देणाऱ्यांनी तो 'माहीत नाही' म्हणून वापरला, तर मधल्या रकान्यात दोन वेगळे लोक एकत्र बसतात.

पर्यायांचा आवाका उत्तर किती हलवतो, ते नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जर्मनीत दाखवलं. रोज टीव्ही किती पाहता, हा एकच प्रश्न दोन पर्यायसंचांनी विचारला. एक संच अर्ध्या तासापासून सुरू होत होता, दुसरा थेट अडीच तासांपासून. अडीच तासांहून जास्त पाहतो असं म्हणणारे पहिल्या गटात १६.२ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३७.५ टक्के. तेव्हा भाषांतर करताना पर्याय 'सोयीसाठी' पाचाचे तीन करू नका किंवा टोकाचा पर्याय सौम्य करू नका.

'समजलं ना?' असं विचारू नका

या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात, मोठ्यांसमोर विद्यार्थी तर नक्कीच. पूर्वचाचणीत एकेकाला घेऊन बसा, विधान वाचायला द्या आणि म्हणा, 'हे तुझ्या शब्दांत सांग.' मग विचारा, उत्तर देताना कुठला प्रसंग डोळ्यांपुढे आला? 'भाषेचा तास' वाचून एकीच्या मनात शिकवणी असेल आणि दुसऱ्याच्या मनात मातृभाषेचा तास, तर ते तिथल्या तिथे उघडं पडतं. अशा गप्पा मोजक्याच लोकांशी झाल्या तरी ढोबळ दोष बाहेर येतात. शंभर जणांकडून नुसत्या भरून घेतलेल्या प्रतींत ते दिसत नाहीत, कारण न समजलेल्या विधानावरही माणूस खूण करतोच.

यंत्राचं भाषांतर

ते वापरायला माझी हरकत नाही. पण दोन्ही भाषांतरकारांनी गुपचूप एकाच यंत्राचा मसुदा घेतला, तर 'दोन स्वतंत्र भाषांतरं' ही गोष्ट कागदावरच उरते. त्याच यंत्राकडून उलट भाषांतर करून घेणं म्हणजे साक्षीदारालाच न्यायाधीश करणं. यंत्राचा मसुदा वापरलाच तर तिसरा म्हणून आणि उघडपणे वापरा. एकेक विधान सुटं टाकलं की एकच संज्ञा तीन तऱ्हांनी येते, सूचनांत 'तुम्ही' आणि 'आपण' आलटून पालटून येतात. वाक्य गुळगुळीत असल्यामुळे चूक पटकन नजरेत भरत नाही, म्हणून 'नाही' आणि 'फक्त' हे दोन शब्द मुळाशी बोट ठेवून ताडा.

दोन भाषांतल्या सरासऱ्या शेजारी ठेवताना

मराठीत सरासरी ३.४ आणि इंग्रजीत ३.१ आली, म्हणून मराठीत उत्तर देणारे जास्त भित्रे ठरत नाहीत. घटकांची रचना, त्यांचे भार (विधान घटकाशी किती घट्ट जोडलेलं आहे) आणि विधानांचे आरंभबिंदू (भीती सारखीच असताना विधानाला मिळणारे गुण) दोन्ही भाषांत समान आहेत का, हे याच क्रमाने तीन पायऱ्यांत तपासावं लागतं. पुढच्या पायरीवर सीएफआय हा निर्देशांक (गृहीत धरलेली रचना माहितीशी किती जुळते ते दाखवणारा) ०.०१ हून जास्त घसरला तर थांबा, हा च्युंग आणि रेन्सवोल्ड यांनी २००२ मध्ये दिलेला ठोकताळा बहुतेक जण वापरतात. तिसरी पायरी जमली नाही तर सरासऱ्यांची तुलना सोडून द्या. प्रत्येक भाषेच्या आत सहसंबंध मात्र पाहता येतात, पण त्यांची ताकद दोन भाषांत ताडायची असेल तर दुसरी पायरी तरी जमायला हवी.

आणि चूक माहिती गोळा झाल्यावर सापडली तर

बहुधा तेव्हाच सापडते. विधान सदोष आहे हे भाषांतर वाचून पटत असेल, तर ते काढा आणि निष्कर्ष दोन्ही तऱ्हांनी द्या, ते ठेवून आणि काढून. नुसता अल्फा वाढतो म्हणून काढू नका. विधान काढल्यावर मूळ श्रेणीच्या गुणमर्यादा लागू होत नाहीत, तेव्हा 'जास्त भीती', 'मध्यम भीती' असे मूळ गट वापरू नका. शक्य असेल तर उत्तरं देणाऱ्यांपैकी काही जणांना पुन्हा भेटून त्या विधानाचा त्यांनी काय अर्थ घेतला ते विचारा आणि ती उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच भाषेत, प्रबंधात द्या. 'भाषांतर तज्ज्ञांकडून तपासून घेतलं' या वाक्याऐवजी कोणती विधानं अडली, कोणते पर्याय विचारात आले आणि शेवटी काय ठरलं याचा तक्ता परिशिष्टात जोडा. पुढचा संशोधक तुमचं मराठी भाषांतर घेईल, तेव्हा त्याला आधी तोच तक्ता लागणार आहे.