लीडरशिप-कम्युनिकेशन शिकवायला बाहेरचे तज्ज्ञ येणारेत? मग आधी एवढं करून ठेवा

युनिव्हर्सिटीत बाहेरून तज्ज्ञ बोलवायचं ठरलं की सगळे आधी तारीख आणि हॉल बघायला लागतात, माझं म्हणणं आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा की हे सेशन झाल्यावर मुलांना नेमकं काय करता आलं पाहिजे. "नेतृत्वगुणांची ओळख होईल" असलं काही लिहू नका, त्यातनं काहीच कळत नाही. "टीममधला एकजण काम टाळत असेल तर त्याच्याशी समोर बसून, आवाज न चढवता बोलता येईल" असं लिहा, किंवा "पाच मिनिटं कागद न बघता आपला मुद्दा मांडता येईल". हे एक वाक्य होत नाही तोवर कोणाला फोनच करू नका, कारण कोणाला बोलवायचं ते त्या वाक्यावरनंच ठरतं.

मग माणूस शोधायचा. मोठं नाव मिळालं तर छानच, पण मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतेच, की तुमच्या दोन तासांत मुलं किती वेळ बोलतील? जो माणूस यावर थांबून विचार करतो तो आपला. हे मी अनुभवाने सांगतेय, आमच्याकडे एकदा संवादकौशल्यावरचं दोन तासांचं सेशन झालं, भरगच्च हॉल, वक्ते खरंच उत्तम, आणि दोन तासांत एकाही मुलाने तोंड उघडलं नाही, शेवटी "काही प्रश्न?" म्हटल्यावर सगळ्या माना खाली. वक्त्यांचा त्यात काही दोष नव्हता, आम्ही त्यांना फक्त विषय आणि वेळ कळवलेली, बाकी काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तयारीतली सगळ्यात जास्त मेहनत मी मुलांच्या बोलण्याच्या वेळेवर घेते.

त्याचा हिशोब आधीच करा. 40 मुलं आहेत, प्रत्येकाला 3 मिनिटं बोलायला आणि 2 मिनिटं फीडबॅकला दिली तर 200 मिनिटं झाली, म्हणजे तीन तास वीस मिनिटं, आणि तुमच्याकडे आहेत दोनच तास. पण तीच 40 मुलं पाच-पाचच्या आठ गटांत बसवली तर सगळ्यांचं बोलून पंचवीस मिनिटांत होतं. मात्र प्रत्येक गटात फीडबॅक द्यायला कोणीतरी लागतं, म्हणून आठ सीनियर मुलं निवडा आणि आदल्या दिवशी तासभर त्यांची तयारी करून घ्या. "छान बोललास" हा फीडबॅक नाही हे त्यांना पहिल्यांदा सांगा. प्रसंग, वागणं, परिणाम ही साधी पद्धत शिकवा: "दुसरा मुद्दा मांडताना तू आकडा सांगितलास आणि लगेच खाली बघितलंस, मला वाटलं तुलाच त्या आकड्याची खात्री नाहीये." एवढं नेमकं सांगितलं की समोरच्याला पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं, आणि राग पण येत नाही. त्या तासात सीनियर मुलांना एकमेकांवर हे करून बघू द्या, नुसतं सांगून नाही जमत.

तज्ज्ञांशी किमान दोन आठवडे आधी अर्ध्या तासाचा कॉल ठेवा, मेलवर भागवू नका. मुलं कुठल्या वर्षाची आहेत, कुठल्या भाषेत मोकळी बोलतात, आधी काय शिकलीयत, कशाला घाबरतात हे सगळं सांगा, आणि ते काय शिकवणार ते नीट ऐकून घ्या. स्लाइड्समध्ये "संवादात शब्द फक्त 7 टक्के, आवाज 38 आणि देहबोली 55" हे आलं तर आदराने पण नक्की बोला, कारण ते आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांतले आहेत आणि ते प्रयोग होते भावना आणि आवड-नावड याबद्दल, शब्द एक सांगतात आणि आवाज किंवा चेहरा दुसरं सांगतो तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो याबद्दल. सगळ्या संवादाला तो नियम लागू होत नाही हे मेहराबियन स्वतःही सांगत आलेत. मुलं असले आकडे वर्षानुवर्षं डोक्यात ठेवतात हो, आणि मग मुद्द्याची तयारी सोडून हातवाऱ्यांची करत बसतात.

थिअरी आपल्या नेहमीच्या शिक्षकांनी आदल्या आठवड्यात उरकून घ्यायची. 1939 मधला कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा मुलांच्या गटांवरचा प्रयोग, त्यातल्या हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळं सोडणाऱ्या नेतृत्वाच्या तीन पद्धती, मग ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये मांडलेले टीम घडण्याचे टप्पे (एकत्र येणं, भांडणं, जुळवून घेणं, कामाला लागणं), एवढं एका तासात होतं. म्हणजे पाहुण्यांना व्याख्या सांगण्यात वेळ घालवावा लागत नाही, "तुमची टीम आत्ता भांडणाच्या टप्प्यावर आहे, आता बोला" असं ते थेट सुरू करू शकतात.

हॉल बघताना खुर्च्या हलतात का ते आधी बघा, जमिनीला ठोकलेले बाक असतील तर गट होतच नाहीत. व्हीलचेअर आत येते का, शेवटच्या रांगेतनं स्लाइड वाचता येते का, हे स्वतः जाऊन बसून बघा. कॉलर माइक हनुवटीच्या खाली साधारण वीतभर लावायचा, त्यावर ओढणी किंवा ओळखपत्राची दोरी घासली की सगळ्या हॉलभर खरखर. सुटे सेल ठेवा, मुलांसाठी दोन हातातले माइक वेगळे ठेवा. बऱ्याच लॅपटॉपला एचडीएमआय (प्रोजेक्टरची केबल लावायची जागा) नसतं आजकाल, म्हणून अडॅप्टर, स्लाइड्सची पीडीएफ कॉपी (देवनागरी फॉन्ट दुसऱ्या मशीनवर हमखास तुटतात) आणि लाइटची बटणं माहीत असलेला माणूस, तिन्ही हजर पाहिजेत.

मानधन, प्रवास, राहणं, कोण घ्यायला जाणार, पैसे किती दिवसांत मिळणार, हे सगळं निमंत्रणाच्या पत्रातच लिहून द्या आणि ऑफिसची मंजुरी तारीख पक्की करायच्या आधी घ्या. पाहुण्यांना नंतर पैशासाठी मेल करायला लागू नये, मला तरी ते फार लागतं.

ओळख एखाद्या विद्यार्थ्यालाच करून द्यायला सांगा, दीड मिनिटात, आणि नावाचा उच्चार पाहुण्यांनाच विचारून घ्या. रोल-प्ले, म्हणजे भूमिका घेऊन सराव, चालू असताना फोटोग्राफर बाहेर, रेकॉर्डिंग मुलांच्या परवानगीशिवाय नाही, चुका करायची जागा आहे ती, तिथे कॅमेरा आला की मुलं आवरून बसतात.

आणि शांततेची तयारी करा, ही सुद्धा तयारीच आहे. मेरी बड रो यांनी वर्गांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलं पण बोलतात. हे मी समोर बघितलंय. एका मुलीला माइक दिला, तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, "मला असं वाटतं की" एवढं म्हणाली आणि थांबली. मागे कोणीतरी कुजबुजलं, मी मदतीला उठणार तेवढ्यात पाहुण्या मॅडमनी नुसता हात किंचित वर केला, थांबा म्हणून, आणि तिच्याकडे बघत शांत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गटात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून मी बोलणंच सोडलंय." पुढचा अर्धा तास सगळा हॉल त्यावरच बोलत होता. म्हणून सूत्रसंचालकाला बजावून ठेवा, शांतता पडली की घाईने पुढचा प्रश्न घ्यायचा नाही.

आपल्या शिक्षकांपैकी एकाने तरी सेशनला पूर्ण वेळ बसायचंच, कारण पाहुणे संध्याकाळी जाणार आणि सोमवारी वर्गात हेच पुढे न्यायचंय. फीडबॅक फॉर्म भरून घ्या, पण त्यावर समाधान मानू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्यात, आवडलं का, शिकले का, वागण्यात उतरलं का, आणि त्याचा परिणाम काय झाला. फॉर्म फक्त पहिली पायरी दाखवतो. तिसरीसाठी महिन्याभराने त्याच गटांना परत बोलवा, तेच काम द्या, त्याच सीनियर मुलांना बघायला बसवा, आणि पाहुण्यांना तासभर ऑनलाइन घ्या. ही दुसरी तारीख पहिल्या निमंत्रणाच्या पत्रातच टाका, नंतर विचारू म्हटलं की कोणाचंच कॅलेंडर रिकामं नसतं.