या चुका टाळा : देशाचं ‘फ्युजिटिव्ह’ उत्सर्जन मांडताना

दर फेब्रुवारी-मार्चला सांगली, इस्लामपूर, कराडकडची मुलं प्रकल्पाची फाइल घेऊन माझ्याकडे येतात. विषय बहुतेकदा हवामानबदल, आणि त्यात एक तक्ता ठरलेला : ऊर्जा क्षेत्रातलं फ्युजिटिव्ह उत्सर्जन. गेली कित्येक वर्षं त्याच जागी लाल पेन फिरवतोय. आता एकदाच लिहून ठेवतो.

आधी शब्द नीट समजून घ्या. इंधन कामासाठी जाळलं की ते ज्वलनाचं उत्सर्जन. इंधन जमिनीतून काढताना, शुद्ध करताना, वाहून नेताना जे निसटतं ते फ्युजिटिव्ह. घरातली शेगडी पेटली, ते ज्वलन. रेग्युलेटरपाशी वास येतोय, ते फ्युजिटिव्ह. त्यामुळे साखर कारखान्याच्या धुराड्यातला धूर या रकान्यात येत नाही. बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड तर ऊर्जेच्या बेरजेतही धरत नाहीत, त्याची फक्त वेगळी नोंद ठेवतात. तरी आपल्या भागातली मुलं दरवर्षी तो इथे आणून बसवतातच. तेलविहिरीवरची फ्लेअर, म्हणजे नको असलेला वायू जाळणारी ज्वाळा, मात्र पेटलेली असूनही इथेच मोजतात, कारण त्या ज्वाळेतून कुणी ऊर्जा वापरत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक.

गेल्या वर्षी तिघांचा एक गट आला. तोंडी परीक्षा परवावर, फाइल बांधून तयार. निष्कर्षात लिहिलेलं : कोळसा खाणींतली गळती नगण्य आहे. मी तक्ता उघडायला लावला. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरची ओळ उचलली होती : ऊर्जा क्षेत्रातलं फ्युजिटिव्ह कार्बन डायऑक्साइड. फक्त कार्बन डायऑक्साइड! खाणीतून निसटणारा मुख्य वायू मिथेन, आणि त्याची ओळ वेगळी. ती यांनी उघडलीच नव्हती. पुढे कुणीतरी त्यांना सांगितलं की आकडा समतुल्यात हवा, म्हणजे प्रत्येक वायू तितकंच तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या वजनात मांडलेला. मग त्यांनी काय करावं? कार्बन डायऑक्साइडचा आकडा सरळ २८ ने गुणला आणि वर ‘मिथेनसह एकूण’ असं शीर्षक दिलं.

२८ हा गुणक मिथेनचा, शंभर वर्षांच्या हिशेबाने, आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, पाचव्या अहवालातला. कार्बन डायऑक्साइडचा गुणक १. मूळ ओळीचं एकक ‘दशलक्ष टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ असंच होतं. गुणायला काही उरलंच नव्हतं. वाईट असं की चुकीचा आकडा दिसायला बरा होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. रात्री दीडपर्यंत बसून आम्ही दोन प्रकरणं पुन्हा लिहिली. त्यातली एक मुलगी शेवटी रडवेली झाली. मला तिचा राग आला नाही, तिला घाई शिकवणाऱ्यांचा आला. दहा मिनिटांत तक्ता उतरवून घ्यायचा आणि महिनाभर मुखपृष्ठ सजवायचं, ही पद्धत मला मान्य नाही.

मग त्या कार्बन डायऑक्साइडच्या ओळीत असतं तरी काय? फ्लेअरचा धूर, आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना बाजूला काढून हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड. काही वायूसाठ्यांत तो मुळातच भरपूर असतो. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रातल्या वायूत तो सुमारे ९ टक्के. तिथे १९९६ पासून तो वेगळा करून समुद्रतळाखाली भरतात. नाहीतर तो याच ओळीत दिसला असता. ओळ लहान असली तरी तिला स्वतःचा अर्थ आहे, तो मिथेनवर लादू नका.

माझी सवय सांगतो. कोणताही आकडा उतरवण्याआधी वहीत हाताने चार गोष्टी लिहितो : वायू, एकक, वर्ष, वर्ग. चारही लिहिता आल्या नाहीत तर आकडा घेत नाही. संगणकावर नको, हातानेच. हात थांबतो तिथे डोकं चालतं.

दुसरी चूक : रिकामा रकाना म्हणजे शून्य. आयर्विन पुलापाशी एखाद्या दिवशी पातळीची नोंद झाली नाही, म्हणून कृष्णा आटली असं कोण सांगलीकर म्हणेल? देशांच्या अहवालांत ‘घडत नाही’, ‘अंदाज केलेला नाही’ आणि ‘दुसरीकडे मोजलं’ यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. एक्सेलमध्ये सगळ्यांच्या जागी शून्य भरलं की सरासरी खाली येते, आणि ज्या देशाने मोजलंच नाही तो सगळ्यांत स्वच्छ ठरतो. प्रामाणिकपणे मोजणाऱ्यावर हा अन्याय आहे. रकाना रिकामाच ठेवा आणि खाली कारण लिहा.

कोळशाचा हिशेब स्वतः करणार असाल तर खाणीचा प्रकार आधी विचारा. आयपीसीसीचा सरासरी गुणक भूमिगत खाणीला टनामागे १८ घनमीटर मिथेन, उघड्या खाणीला १.२. दहा लाख टन कोळशामागे भूमिगत खाणीतून सुमारे १२,०६० टन मिथेन, उघड्या खाणीतून सुमारे ८०४ टन. आपल्याकडचा बहुतांश कोळसा उघड्या खाणींतून निघतो. सगळ्याला १८ लावलात तर उत्तर फुगणारच. त्यात आपल्या भूमिगत खाणींचे वायूच्या प्रमाणानुसार तीन दर्जे आहेत : टनामागे १ घनमीटरपेक्षा कमी, १ ते १०, आणि १० च्या वर. तो दर्जा मिळत असेल तर जगाची सरासरी बाजूला ठेवा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

गिगाग्रॅम म्हणजे फक्त १,००० टन. ‘गिगा’ दिसलं की अब्ज टन लिहू नका.

एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. भाषांतर करताना इथे शून्यं हमखास हरवतात.

आकडा ‘कार्बन’चा असेल तर ४४/१२ ने गुणा, म्हणजे सुमारे ३.६७ पट. ‘कार्बन डायऑक्साइड’चा असेल तर हात लावू नका.

मिथेनचा गुणक जुन्या अहवालांत २१, नंतर २५, मग २८. एकाच आलेखात तिन्ही मिसळले की गळती न वाढताही रेघ वर जाते.

फ्लेअरमध्ये सगळा वायू जळतो असं धरू नका. नेहमीचं गृहीतक ९८ टक्क्यांचं. उरलेले २ टक्के किरकोळ वाटतात, पण एक किलो मिथेनमागे जळालेल्याचा कार्बन डायऑक्साइड सुमारे २.७ किलो आणि न जळलेल्याचा समतुल्य भार ०.५६ किलो. म्हणजे वर आणखी पाचवा हिस्सा.

आणि आपल्या कोळशाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. तक्त्यात नुसतं २०१९ लिहिलेलं दिसलं की मी फाइल परत देतो.