मधे अक्षर घुसवायचं तर शेपटाकडून सरकवा

८०८६ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर, असेंब्लीत लिहिलेल्या डॉसच्या एडिटरमध्ये मी ओळीला ८० बाइट देतो. लांबी आणि कर्सर वेगळ्या वर्डमध्ये (दोन-दोन बाइटच्या जागेत). लांबी ८० झाली असेल तर सरळ बीप. नाहीतर रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या जागा, अशी भरा: सीएक्समध्ये (किती बाइट हलवायचे) लांबी वजा कर्सर, एसआय (कुठून उचलायचं) शेवटच्या अक्षरावर, डीआय (कुठे ठेवायचं) त्याच्या पुढच्या घरात, ईएस-डीएस ही सेगमेंट रजिस्टरं सारखी. मग एसटीडी (दिशा उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे), रेप मूव्हएसबी (सीएक्स संपेपर्यंत एकेक बाइट हलवा).

एसटीडी विसरलात तर शेवटचं अक्षर पुढे पसरत जातं. माझी ओळ जवळजवळ भरलेली होती आणि लांबीचा वर्ड बफरच्या, म्हणजे ओळीच्या ८० बाइटच्या, शेवटाला चिकटूनच. तोच पुसला गेला. रात्रभर कीबोर्डलाच शिव्या घातल्या!

सरकवून झालं की लगेच सीएलडी (दिशा पुन्हा सुलटी). एएल रजिस्टरमधलं नवं अक्षर मोकळ्या घरात टाका, लांबी आणि कर्सर दोन्ही एकाने वाढवा. खोडताना उलट: सीएलडी ठेवूनच कर्सरच्या बाजूने सुरुवात करून अक्षरं एकेक घर मागे सरकवा, सीएक्स वरच्यापेक्षा एकाने कमी.