जमिनीत सोडलेल्या जनुकबदल जिवाणूंचा माग कसा ठेवाल?

जनुकबदल केलेला जिवाणू शेतात सोडायचा असेल, तर त्याची ओळखखूण आधी ठरवा. चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू नांदतात. त्यात बिनखुणेचा जिवाणू मागाहून सापडत नाही.

विद्यार्थ्यांना मी 1987 चा अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाचा प्रयोग सांगते. गव्हाबरोबर सोडलेल्या स्यूडोमोनास या मातीतल्या जिवाणूमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणारी, ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची जनुकं घातली होती. जमिनीतल्या त्याच्या भाऊबंदांना लॅक्टोज पचत नाही, म्हणून एक्स-गॅल हे रंग दाखवणारं रसायन घातलेल्या प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या बशीवर) याच्याच वसाहती, म्हणजे पेशींचे ठिपके, निळ्या दिसतात. जोडीला रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा वाण घ्या, म्हणजे ते प्लेटमध्ये घातलं की बाकीची गर्दी हटते. खूण गुणसूत्रातच बसवा. प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं, शेजारच्या जिवाणूकडे सहज जातं. जिवाणू सोडण्याआधी तीच माती त्याच प्लेटवर लावून पाहा. तरीही निळं दिसलं, तर खूण बदला.

नमुने घेताना बाहेरून आत या. आधी कडेची माती, शेवटी जिवाणू सोडलेली ओळ. उलटं केलंत तर बुटांबरोबर तुम्हीच त्याला पसरवाल. प्रत्येक भोकानंतर ऑगर (माती काढायचा गिरमिट) धुऊन 70 टक्के अल्कोहोलने पुसा.

आता मोजणी. 10 ग्रॅम माती 90 मिलिलिटर सलाइनमध्ये घुसळा आणि त्यातलं 0.1 मिलिलिटर प्लेटवर पसरा. प्लेटवर पोचली फक्त 0.01 ग्रॅम माती, म्हणजे एक निळी वसाहत दिसली तर ग्रॅमला 100 जिवाणू. प्लेट कोरी राहिली तर वहीत ‘शून्य’ लिहू नका, ‘100 पेक्षा कमी’ लिहा. याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. त्यातून उपासमार झालेले जिवाणू जिवंत असूनही प्लेटवर वाढत नाहीत. त्यांच्यासाठी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून शोध घेणारी चाचणी, करा, पण आपल्या काळ्या मातीत मेलेल्यांचा डीएनएही चिकणमातीला चिकटून टिकतो आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेली ह्युमिक आम्लं पीसीआर अडवतात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवूनच बोला.

आत्मघाती जनुकावर, म्हणजे ठरलेल्या वेळी जिवाणूला आतूनच मारणाऱ्या जनुकावर, एकट्यावर विसंबू नका. 10 लाखांत एक पेशी त्यातून निसटते असं धरलं आणि ग्रॅमला 10 कोटी जिवाणू असले, तरी 100 उरतातच. वेगवेगळ्या तऱ्हेने मारणारी दोन जनुकं घाला, बांध पक्का करा आणि निचऱ्याच्या पाण्याचेही नमुने घ्या.

आपल्याकडे 1989 च्या नियमांनुसार जीईएसीची (केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची) मंजुरी मिळाल्याशिवाय एक थेंबही शेतात टाकायचा नाही. अर्जातच लिहा: बांधाबाहेर निळी वसाहत दिसली, तर त्या दिवशी कोण काय करणार.