पेठेच्या बिटावर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

स्वच्छता निरीक्षकाची पदविका एका वर्षाची. पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट, डासांच्या जाती, अन्नभेसळ, साथरोग, कायदे, सगळं त्यात येतं. सांगलीची कापड पेठ सकाळी साडेदहाला कशी दिसते, तेवढं येत नाही. मी 2018 च्या पावसाळ्यात कंत्राटावर लागले आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडले. आता दर वर्षी कुणी ना कुणी पोरगं-पोरगी फोन करून विचारतं, "ताई, बिट पेठेत मिळालंय, काय करू?" म्हणून एकदाच लिहून टाकते. (बिट म्हणजे निरीक्षकाला नेमून दिलेला भाग.) नोकरी कशी मिळते हे इथं नाही. नगरपरिषदांची भरती राज्य सेवेतून होते, महापालिका आपली जाहिरात वेगळी काढतात, बाकी क्लासवाले सांगतीलच.

तर तो पहिला दिवस. ओळखपत्राची नवी दोरी गळ्यात, हातात वही, साडेदहाची वेळ. रस्त्यावर चिंध्या, पुठ्ठे, प्लास्टिक. मी झाडणाऱ्या दोघी मावशींना बोलावून भर चौकात झापलं. त्या काही बोलल्या नाहीत. मुकादमही गप्प राहिले. संध्याकाळी हजेरी शेडवर एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्या दहाला कोपऱ्यावर हुबं ऱ्हावा. बोलू नका, नुसतं बगा."

दुसऱ्या दिवशी दहाला पहिलं शटर वर गेलं. आतून पोऱ्या झाडू घेऊन निघाला. टाचण्या, साड्यांच्या पिशव्या, दोऱ्याचे गुंते, काल संध्याकाळी खाल्लेल्या भडंगाचा कागद, सगळं उंबऱ्याबाहेर ढकललं. मावशींनी साडेआठपर्यंत झाडून लखलखीत केलेल्या त्याच रस्त्यावर. मग मालकांनी पाणी शिंपडलं आणि गल्ल्याला उदबत्ती ओवाळली. शेजारच्यानं आपला ढीग ह्यांच्या ढिगाला नेऊन लावला. सव्वादहापर्यंत गल्ली कालच्यासारखीच झाली. मुकादम माझ्याकडे न बघताच म्हणाले, "झाडणं लक्ष्मीचं, कचरा म्हापालिकेचा."

मला वाटलं, सोपं आहे, रात्री बंद करताना झाडायला सांगू. सांगून बघा! दिवेलागणीनंतर दुकानातला केर बाहेर काढायचा नाही, लक्ष्मी जाते, हे आपल्याला घरी आईनं सांगितलेलंच असतं. व्यापाऱ्यालाही त्याच्या आईनं सांगितलेलं असतं. त्यावर नोटीस काढून उपयोग नाही. शेवटी जमलं ते असं: रात्री झाडा, पण केर बाहेर काढू नका, आतच डब्यात राहू दे, लक्ष्मीही राहील. आणि आम्ही घंटागाडीची दुसरी फेरी साडेसातऐवजी सव्वादहाला लावून घेतली. ड्रायव्हरची पाळी बदलायला मला तीन आठवडे लागले, व्यापाऱ्यांना पटवायला दोन दिवस. पहिला महिनाभर मी शटरच्या आवाजावर गाडीच्या पुढं चालत होते. सगळे ऐकतात असं नाही; पाचातला एक अजून रस्त्यावरच ढकलतो. पण त्या मावशींची मी माफी मागितली होती, तेवढं मात्र वेळेवर केलं.

म्हणून नव्या माणसानं पहिला आठवडा दंडाची पावती फाडूच नये. पहाटे, दहाला, दुपारी चारला आणि रात्री साडेनऊला, अशा चार वेळा तोच रस्ता चालायचा. गणपती पेठेत बारदानाचा धुरळा आणि मिरचीचा ठसका असतो, शिवाजी मंडईच्या बाजूला ओला पाला, मारुती रोडला संध्याकाळी चहाचे कप. प्रत्येकाची वेळ वेगळी. एकाच वेळेला फिरलात तर कचरा दिसेल, तो कुणाचा ते कळणार नाही.

रात्रीची फेरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सगळे टाळतात. शटरं पडली की पेठेत अंधार वाढतो, कारण अर्धा उजेड दुकानांच्या बोर्डांचाच असतो. बंद दिवा दिसला तर खांबावरचा नंबर वहीत लिहा. ‘मेडिकलजवळचा कोपऱ्यावरचा दिवा’ अशी तक्रार दिली की वायरमन तिसऱ्याच कोपऱ्यावर जाऊन येतो. आणि अंधाऱ्या कोपऱ्यातच लोक लघवीला उभे राहतात, तिथंच रात्री कचरा पडतो, तिथूनच जाताना बाई पर्स छातीशी धरते. दिवा लागला की ह्यातलं निम्मं आपोआप थांबतं. नुसतं ब्लीचिंग मारत बसू नका.

बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल पुरुष सहकाऱ्यांना मुद्दाम सांगते. तपासणीच्या फॉर्मवर पाणी, दिवा, फिनेल एवढ्याच खुणा करून येऊ नका, दाराची आतली कडी लावून बघा. कडी तुटकी असेल तर पाणी चोवीस तास असूनही तिथं बाई जाणार नाही. लग्नाचा बस्ता घ्यायला जत, तासगावहून आलेली बायकामाणसं पेठेत चार-पाच तास असतात. त्या चहाही घेत नाहीत, का ते मला दुकानातल्या सेल्सगर्लनी सांगितलं. पंचवीस रुपयांची कडी मी एकदा स्वतःच्या पैशानं बसवली. बिल मागू नका, फाइल फिरत राहते.

फेरीवाल्यांशी कसं वागायचं हे कुणी शिकवत नाही. लागल्या लागल्या आमच्या हातात प्लास्टिकबंदी आली होती. राज्यात ती 23 जून 2018 पासून अंमलात आली. पहिल्या गुन्ह्याला दंड 5000 रुपये. दिवसाला चारशे सुटणाऱ्या कोथिंबीरवालीला तो लावायचा कसा? मी एकदा लावायला गेले, तिनं टोपली माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "ही घ्या, माझ्याकडं येवढंच हाय." पिशव्या ज्या घाऊक दुकानातून येतात तिथं जायचं असतं, हे मला त्या टोपलीनं शिकवलं. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे, तो एकदा नीट वाचा. शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. म्हणजे हातगाडीवाला हा तुमच्याशी बोलायचा हक्क असलेला माणूस आहे. व्यापारी तुम्हाला रोज सांगतील, "आधी ह्या गाड्या हलवा." त्यांच्या पायरीपुढं, रस्त्यावर उभे केलेले साड्या नेसवलेले पुतळेही बघा. अग्निशमनची गाडी गल्लीत वळेना तेव्हा पुतळा आणि हातगाडी दोन्ही सारखेच आडवे येतात.

आणि गर्दीत पाकीटमार सगळ्यांत आधी कुणाला दिसतो? बांगड्यांच्या गाडीवरच्या बाईला. ती दिवसभर लोकांचे हातच बघत असते. अशा चार-पाच जणींचे नंबर तुमच्याकडे हवेत, आणि पोलिसांच्या बिट अंमलदाराचा नंबर त्यांच्याकडे. 112 आहेच, पण ओळखीचा हवालदार लवकर येतो.

एक गोष्ट मात्र अजिबात तडजोड न करता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गटाराचं चेंबर तुंबतं, काळं पाणी दुकानाच्या पायरीला लागतं, गिऱ्हाईक नाक धरून परत जातं. व्यापारी ओरडतात, "जेटिंग मशीन येईस्तोवर सण जाईल, एखादा पोरगा उतरवा की, आम्ही देतो त्याला पैसे." पोरगा तयारही असतो. नाही म्हणायचं. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि असा मृत्यू झाला तर 30 लाख भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलंय. हे सगळं त्या क्षणी चौकात सांगून कुणी ऐकत नाही. मी झाकणावर उभी राहिले, पाण्याच्या जोरानं गटार मोकळं करणारं ते मशीन येईपर्यंत दीड तास. चप्पल खराब झाली. शिव्या खाल्ल्या, त्या विसरल्या.

महापूर हा सांगलीत अभ्यासक्रमाचाच भाग धरा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी, 45 धोक्याची. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि पेठेत होड्या चालल्या. पाणी उतरतं त्या दिवशीचं दोनच सांगते. गाळ पाण्याबरोबरच ढकलायचा, उतरत्या पाण्यातच खराटे घेऊन. सगळं पाणी जाऊ दे म्हणून थांबलात की तो उन्हानं आवळतो, मग फावड्यानं खरवडावा लागतो, आणि आठवडाभर त्याचीच धूळ नाकात. दुसरं, पंचनाम्याचा फोटो झाल्याशिवाय दुकानाबाहेरचा माल डंपरमध्ये टाकू नका. मी टाकला होता. भिजलेली ठाणं म्हणजे मला नुसता कचरा दिसला. दुकानदार अनवाणी डंपरमागं पळत आले, "ओ मॅडम, त्याच्यावरच इन्शुरन्सवाला पैसे देणार हाय!" राजवाडा चौकापर्यंत गाडी गेलेली. तिथं डंपर रिकामा करून, चिखलातून सोळा ठाणं ओढून काढली, मोजून. त्यांनीही ओढली, मीही.

पुराच्या पाण्यात काम करणाऱ्यांना लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) गोळी डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. पायाला जखम असेल त्याला पाण्यात पाठवू नका, त्यानं कितीही "काय होत न्हाई" म्हटलं तरी. हातमोजे मागून घ्या. आणि गमबूट आपल्या मापाचे स्वतः विकत घ्या. स्टोअरमधून मिळतात ते सगळे नऊ नंबरचे असतात, माझा पाय पाच.