सामुदायिक ब्लॉग-मंचासाठी नव्या फीचर्सचं नियोजन कसं करावं

अनेकांचे ब्लॉग एकाच ठिकाणी चालवणारा मंच सांभाळायला घेतला की नव्या फीचर्सच्या मागण्या थांबत नाहीत. कुणाला लेख आज लिहून परवा सकाळी आपोआप प्रकाशित व्हायला हवा असतो, कुणाला ठरावीक मित्रांनाच दिसेल असा लेख लिहायचा असतो, कुणाला प्रतिसादात फोटो टाकायचा असतो. बहुतेक मागण्या रास्त असतात, आणि त्यातली बरीचशी कामं करायला फारशी अवघडही नसतात. अवघड असतं ते नंतर. एकदा सुरू झालेल्या सोयीवर लोक आपलं लेखन उभं करतात. पाच वर्षांनी ती सोय काढायची म्हटलं तर त्या लेखनालाच धक्का लागतो. म्हणून माझ्या मते इथे नियोजनाची सुरुवात मंचावर आधीच असलेल्या लेखांपासून आणि ते लिहिणाऱ्यांपासून व्हायला हवी. नव्या कल्पनेचा विचार त्यानंतर.

पायरी १: मागणीमागची अडचण शोधा

सगळ्या मागण्या एका जागी, सर्व सदस्यांना दिसतील अशा नोंदवा. सदस्याने जे शब्द वापरले तेच ठेवा. आपल्या भाषेत आवरून-सावरून लिहिलं की अर्धी माहिती हरवते. मग विचारा: शेवटचं कधी अडलं होतं? तेव्हा काय करून वेळ भागवली?

‘प्रतिसाद बंद करायचं बटण द्या’ ही अगदी नेहमीची मागणी. खोलात गेलं की तिच्यामागे निरनिराळी माणसं सापडतात. एकीला एकच सदस्य सतत त्रास देतोय. तिला त्या सदस्याला आपल्या ब्लॉगपुरतं रोखायचं आहे. दुसऱ्याच्या जुन्या लेखांवर जाहिरातींचे प्रतिसाद येऊन पडतात. त्याच्यासाठी ठरावीक दिवसांनंतर प्रतिसाद आपोआप बंद होणं पुरेसं आहे, आणि वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीत ही सोय पूर्वीपासून आहे. तिसरीने आईच्या आठवणी लिहिल्यात. त्या एका लेखाखाली तिला चर्चा नको, बाकीच्या लेखांवर हवी आहे. चौथ्याला प्रतिसाद हवेतच, फक्त ते आधी आपल्या नजरेखालून जावेत एवढंच त्याचं म्हणणं. मागितलं तसं सरसकट बटण दिलं असतं तर या चौघांपैकी एकाचंही काम नीट झालं नसतं.

मतदान घेऊन फीचर ठरवायचा मोह होतो. मतं जरूर घ्या, पण ती देणारे सदस्य मंचावर रोज असणारे असतात, हे विसरू नका. महिन्यातून एकदा लिहिणारा, नुसता वाचणारा आणि मसुदा अर्धवट सोडून गेलेला माणूस त्या आकड्यांत नसतो. त्यांच्यापैकी दोघा-तिघांच्या शेजारी बसून ते लेख कसा लिहितात, कुठे थबकतात, कुठे चुकीचं बटण दाबतात ते काही न बोलता पाहा. लांबलचक प्रश्नावलीतून जे कळत नाही ते यातून कळतं.

पायरी २: जुन्या लेखांचं काय होईल ते लिहून काढा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्डप्रेसने डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीत लेखनाची खिडकीच बदलली आणि परिच्छेद, फोटो असे सुटे ठोकळे (ब्लॉक) जोडून लेख रचण्याची पद्धत आणली. बदल फार मोठा होता आणि त्यावर नाराजीही बरीच झाली. पण त्यात एक निर्णय शिकण्यासारखा आहे. ठोकळ्यांच्या खुणा लेखाच्या एचटीएमएलमध्येच (वेबपान ज्या भाषेत लिहिलेलं असतं तिच्यात), वाचकाला न दिसणाऱ्या टिपांच्या रूपात साठवल्या गेल्या. त्यामुळे उद्या ती नवी खिडकी काढून टाकली तरी साध्या लेखाचा मजकूर वाचता येतो. जुने लेख न बदलता उघडत राहिले, आणि ज्यांना जुनी खिडकी हवी होती त्यांच्यासाठी वेगळं प्लगइनही (वरून जोडता येणारी छोटी प्रणाली) दिलं गेलं. तुमच्या फीचरलाही हाच प्रश्न विचारा: हे बंद केलं तर त्यात लिहिलेलं वाचता येईल का?

दुसरा प्रश्न दुव्यांचा. लेखांच्या पत्त्यांची (यूआरएल) रचना बदलणार असाल तर जुना प्रत्येक पत्ता नव्याकडे कायमचा वळवण्याची तजवीज त्याच कामात धरा, ‘नंतर करू’ या यादीत नको. देवनागरीत शीर्षकं देणाऱ्यांसाठी इथे आणखी एक खाच आहे. पत्त्यात देवनागरीचं एक चिन्ह सांकेतिक रूपात नऊ अक्षरांची जागा घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यातल्या शीर्षकाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात आणि लांब शीर्षक मध्येच तुटतं. पत्त्यांविषयीचं कोणतंही फीचर आखताना चाचणीसाठी अशी लांब देवनागरी शीर्षकं घ्याच.

तिसरा प्रश्न, सदस्याला आपलं लेखन घेऊन जाता येईल का? नव्या फीचरमध्ये जे काही साठणार आहे, मग ती लेखमाला असो, मतचाचणी असो वा फोटोखालच्या ओळी, ते सगळं निर्यात केलेल्या फाइलमध्ये यायला हवं. जिओसिटीज ही जुनी संकेतस्थळ-सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली तेव्हा लोकांची असंख्य पानं वाचवण्यासाठी स्वयंसेवकांना धावपळ करावी लागली. तुमचा मंच कायम चालणार असं तुम्हाला वाटत असलं तरी लेखकाला त्या विश्वासावर सोडू नका.

पायरी ३: कोणाला काय दिसणार, हे आधी ठरवा

दिसण्या-न दिसण्याचे नियम मागाहून बदलणं फार त्रासाचं असतं. लाइव्हजर्नल हा १९९९ साली सुरू झालेला ब्लॉग-मंच. तिथे ‘मित्र’ या एकाच यादीत दोन गोष्टी एकत्र होत्या: मी कुणाचं लेखन वाचतो, आणि माझं खासगी लेखन कोण वाचू शकतो. एखाद्याचं लेखन वाचायचं म्हणून त्याला यादीत घेतलं, की आपले खासगी लेखही त्याला खुले व्हायचे. यादीतून त्याला वगळलं की तो दुखावला जायचा. त्याच मंचाच्या मुक्त संहितेवरून (ओपन सोर्स कोड) २००९ मध्ये ड्रीमविड्थ उभं राहिलं, तेव्हा त्यांनी या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या केल्या. वाचणं एका यादीत, परवानगी दुसऱ्या यादीत. तांत्रिकदृष्ट्या हा बदल लहान वाटेल, पण माणसामाणसांतले कितीतरी अवघड प्रसंग त्याने टळले.

नवीन सोय सुरू करताना मूळ सेटिंग कायम कमी उघड करणारं ठेवा. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगल बझ ही जीमेलला जोडलेली समाजमाध्यम-सेवा आली, तेव्हा ज्यांच्याशी ईमेलचं जाणं-येणं जास्त ती माणसं आपोआप यादीत आली आणि ती यादी इतरांना दिसू शकत होती. काही दिवसांतच गूगलला ते बदलावं लागलं. सदस्याने स्वतः चालू केल्याशिवाय त्याची कोणतीही माहिती आधीपेक्षा जास्त लोकांना दिसता कामा नये. याला अपवाद करू नका.

पायरी ४: गैरवापर करणाऱ्याच्या जागी बसून पाहा

फीचरचं वर्णन हातात घ्या आणि त्रास देणाराच माणूस ते कसं वापरेल हे कागदावर लिहा. २००२ साली ट्रॅकबॅक आलं. एका ब्लॉगने दुसऱ्याच्या लेखाचा उल्लेख केला की मूळ लेखाखाली त्याची नोंद आपोआप दिसायची. कल्पना सुंदर होती, ब्लॉगांमधला संवाद त्याने दिसू लागला. पण नोंद पाठवणारा खरोखर कोण आहे हे तपासलंच जात नव्हतं, आणि काही वर्षांतच जाहिरातबाजांनी ते इतकं भरून टाकलं की अनेकांनी ते बंद केलं. जानेवारी २००५ मध्ये गूगल आणि इतर शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ ही खूण आणली, तीही प्रतिसादांमधल्या अशाच जाहिरातींच्या दुव्यांना शोधक्रमात मिळणारा फायदा बंद करण्यासाठी.

तेव्हा नव्या फीचरबरोबरच तक्रार करण्याची सोय, सदस्याला रोखण्याची सोय, नव्या खात्यांसाठी मर्यादा आणि प्रशासकांना दिसणारी नोंदवही आखा. आणि ज्या स्वयंसेवकांना रात्री बसून तक्रारी निपटायच्या आहेत त्यांना विचारा की हे काम झेपेल का. त्यांनी नाही म्हटलं तर फीचर थांबवा किंवा लहान करा. मंच टिकतो तो या माणसांमुळे, आणि त्यांना गृहीत धरणं मला कधीच पटलेलं नाही.

पायरी ५: सर्व्हरवरचा भार मोजा

सगळ्यांना सारखं दिसणारं पान एकदा तयार करून साठवून ठेवता येतं. प्रत्येकाला वेगळं दिसणारं पान तसं ठेवता येत नाही. ‘मी ज्यांना वाचतो त्यांचे ताजे लेख’ असं पान प्रत्येक वाचकासाठी, त्याच्या परवानग्या तपासून नव्याने जुळवावं लागतं. अशाच भारातून वाट काढण्यासाठी लाइव्हजर्नल उभारणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये त्या मंचासाठी मेमकॅश्ड लिहिलं. तात्पुरती माहिती स्मरणात ठेवणारी ही प्रणाली पुढे जगभर वापरली गेली. तुमचा मंच लहान असेल, तरी ‘प्रत्येकासाठी वेगळं’ हे शब्द आले की महिन्याच्या होस्टिंगचा हिशेब पुन्हा मांडा.

पायरी ६: एका पानाचा आराखडा लिहा

कोणतं फीचर आधी घ्यायचं हे ठरवण्यासाठी मागण्यांना गुण देण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. मला त्यांचा फारसा उपयोग वाटत नाही, कारण आकडे अंदाजानेच भरले जातात. त्याऐवजी एकच पान लिहा: अडचण कोणाची, याहून लहान उपाय कोणता, काय करणार नाही, कोणती नवी माहिती साठणार, बंद करायचं झालं तर कसं, आणि सांभाळणार कोण. शेवटच्या प्रश्नासमोर नाव नसेल तर पुढे जाऊ नका. पान सदस्यांसमोर ठेवा आणि हरकतींसाठी पुरेसा वेळ द्या.

पायरी ७: थोड्यांपासून सुरुवात करा

फीचर संहितेत असलं तरी एका कळीने बंद-चालू करता येईल असं ठेवा. आधी स्वतःहून तयार झालेले काही ब्लॉग घ्या. त्यात जुन्या रचनेचा एखादा, फोटोंचा एखादा, आणि स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) लिहिणारा-वाचणारा कुणी असेल तर तो अवश्य असावा. सगळं नुसत्या कीबोर्डने चालतं का आणि मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ या मान्य प्रमाणात बसतो का, हे याच टप्प्यावर तपासा. सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बॅकअप घ्या, आणि तो परत उतरवूनही पाहा.

पहिल्या आठवड्यातली गर्दी फसवी असते, कारण कुतूहलापोटी सगळेच बटण दाबतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तेच सदस्य पुन्हा वापरतात का, आणि ज्या अडचणीसाठी हे केलं तिच्या तक्रारी कमी झाल्या का, तेवढं बघा.

ज्या मागण्या नाकारल्या त्यांनाही उत्तर द्या. यादीत त्या मागणीखाली कारण लिहा: भार, गैरवापर, सांभाळणारं कुणी नाही, जे असेल ते. पुढच्या वर्षी कुणी तेच मागितलं तर चर्चा त्या कारणापासून सुरू होते, आणि परिस्थिती बदललेली असेल तर त्याच नोंदीवरून कामाला लागता येतं.