सीएनजी किट बसवताय? या चुका टाळा

२०२१च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली, त्या सुमारास मी गाडीला सीएनजी किट बसवलं. त्याचं समाधान आहे. पण आजूबाजूला त्याच त्याच चुका बघून जीव हळहळतो.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणं. "गॅसवरच चालवायची, मग पेट्रोल कशाला?" असं नवे लोक हमखास विचारतात. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. बऱ्याच गाड्यांत गॅसवर चालतानाही तो फिरत राहतो. तळाला घोटभर पेट्रोल उरलं की तापतो, वर गाळही ओढतो.

आमच्या मेहुण्यांचा काटा वर्षभर रिझर्व्हवरच. गणपतीला श्रीवर्धनला निघालो. ताम्हिणीत गॅस संपला, पेट्रोलवर टाकली, तर गाडी चार आचके देऊन बंद. बाहेर धो धो पाऊस, आत दोन पोरं आणि सासूबाई, मोबाइलला रेंज नाही. दोन तासांनी एका टेम्पोवाल्याने माणगावला सोडलं. घरी पोचलो तेव्हा आरती कधीच होऊन गेली होती आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने जळका पंप काढून हातात दिला. मी पाव टाकीच्या खाली काटा जाऊ देत नाही, आणि रोज सकाळचे पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर काढतो. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही त्यामुळे मोकळे राहतात.

दुसरी चूक घाईची. स्वस्तात, दोन तासांत किट बसवून मिळतं म्हणून लोक जातात आणि "आरसीवर नंतर चढवू" म्हणतात. ते नंतर कधी येत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा आरसी बघते, आणि त्यावर नुसतं पेट्रोल लिहिलेलं असेल तर क्लेम अडकतो. बसवणाऱ्याला आरटीओची मान्यता आहे का, किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. मग आरटीओत नोंद करा, विमा कंपनीला कळवा. यात पळवाट शोधणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण त्यांच्या गाडीत घरची माणसंही बसतात.

हायड्रो टेस्ट, म्हणजे गॅसच्या सिलिंडरची पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करा. सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने गॅस भरतात, म्हणून तारीख उलटली की पंपावर भरून देत नाहीत. मी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहितो.

किट घेण्याआधी हिशेब मांडा. ६० हजारांचं किट आणि किलोमीटरमागे अडीच रुपयांची बचत धरली, तर वसुलीला २४ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्याची पाच वर्षं त्यातच जातील.

स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर वेळेवर बदला. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरा, झोपलेल्या बाळालाही उचलून घ्या.

घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणं तर गुन्हाच आहे. तो हवेपेक्षा जड असतो, गळला की गाडीच्या तळाशीच साचतो. सीएनजी हलका, वर निघून जातो, पण बंद काचांत तोही धोकादायक. वास आला की गाडी थांबवून इंजिन बंद करा, दारं उघडा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद करा. तो कुठे आहे, हे घरातल्या सगळ्यांना आधीच दाखवून ठेवा. माझ्या मुलीला तो अंधारातही सापडतो.